एक एकर शिराज

"गाडीत जागा असली तर मी पण येतो," मामा म्हणाले आणि मामींच्या हातातली गाळणी कपावर तशीच राहिली.

मामांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. पौषातली निवृत्तिनाथांची त्र्यंबकची वारी त्यांनी मला आठवतंय तेव्हापासून चुकवलेली नाही. चातुर्मासात त्यांच्या घरी कांदा शिजत नाही, आणि हे घर निफाड तालुक्यात आहे, म्हणजे दारात कांद्याची चाळ उभी. असा माणूस रविवारी सकाळी माझ्याबरोबर वायनरी बघायला येतो म्हणत होता. चूक माझीच होती. मी आदल्या रात्री मोघमात "उद्या जरा दिंडोरीकडं द्राक्षबागा बघायला जातोय" असं सांगून ठेवलं होतं. नवऱ्यानं चहा पिता पिता "वायनरीची टूर आहे अकराची" म्हणून सगळं उघड करून टाकलं.

"मला काय प्यायचंय का तिथं?" मामा मामींकडं न बघता म्हणाले. "बघायचंय फक्त."

त्यांना काय बघायचं होतं ते मला ओझर ओलांडल्यावर कळलं. तोवर मी माझ्याच काळजीत होते. माझी ही पहिलीच वाईन टूर. महिनाभर आधीपासून मी व्हिडिओ बघून अभ्यास करत होते. ग्लास कुठं धरायचा, किती वेळा फिरवायचा, नाक किती आत घालायचं, आणि मग "हं, ब्लॅककरंट" असं म्हणायचं. मी जन्मात ब्लॅककरंट खाल्लेलं नाही. आइस्क्रीमच्या कपावर वाचलंय. पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांची धास्ती हीच असते असं मला आता वाटतं: आपण तिथं गावंढळ दिसू.

मामा पुढच्या सीटवर बसून दोन्ही बाजूंच्या बागा वाचत चालले होते. वाचत म्हणजे अक्षरशः. "ही थॉमसन. ही सोनाका. याची छाटणी उशिरा झालीय. हा गेला, याला भुरीनं खाल्लं." भुरी म्हणजे वेलीवरचा पांढरा बुरशीरोग. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता, म्हणजे ऐन काढणी. रस्त्यावर क्रेट भरलेले पिकअप, बांधाला पॅकिंगवाल्या बायका, आणि उन्हात तो गोडसर, किंचित आंबूस वास, जो नाशिक जिल्ह्यात या दिवसांत सगळीकडं असतो.

ओझरनंतर मामा अचानक म्हणाले, "आपली पण होती ना एक एकर. शिराज."

शिराज म्हणजे वाईनचं काळं द्राक्ष. मला हे माहीतच नव्हतं.

गोष्ट अशी. पुण्याहून नाशिकला येताना नारायणगाव लागतं. तिथं 1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी महाराष्ट्रातल्या वाईनचा मोठा उद्योग उभा केला. पण नाशिककर द्राक्षवाल्यांच्या कानावर वाईन खऱ्या अर्थानं आली ती 2000नंतर. 2000मध्ये नाशिकच्याच सुला या वायनरीची पहिली वाईन बाजारात आली. 2001मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, शुल्कात सवलती दिल्या, नाशिकमध्ये विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाईन पार्क जाहीर केले. विंचूर मामांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. पाच-सहा वर्षांत पारावर सगळीकडं कॅबरने आणि शिराज या वाईनच्या द्राक्षांचं सुरू झालं. उच्चार ज्याचा त्याचा. वायनरीशी करार करायचा, भाव आधी ठरलेला, निर्यातीची कटकट नाही, घड औषधात बुडवायचं डिपिंग नाही, दाटीतले मणी काढायच्या विरळणीला बायका लावायला नकोत. मामांनी 2006ला एक एकर लावली. माळ गळ्यात असताना. "आपण द्राक्ष पिकवतो, दारू नाही पिकवत," असं त्यांनी तेव्हा कीर्तनकार बुवांना सांगितलं होतं म्हणे, आणि बुवांनी ते मान्य केलं होतं, कारण बुवांच्या भावाचीही अर्धा एकर होती.

2008ला पहिला चांगला माल निघाला. पैसे वेळेवर आले. त्या वर्षाच्या शेवटी मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाईन खपेना. 2009चे पैसे दिवाळीनंतर, तेही तुकड्यातुकड्यानं. 2010ला क्रेट भरून नेलेली गाडी वायनरीच्या गेटवरून परत आली. टाक्या भरल्यात, माल घेता येत नाही.

"आणि वाईनचं द्राक्ष बाजारात नेऊन उपयोग नाही," मामा म्हणाले. "मणी एवढा एवढा, करवंदासारखा. साल जाड, वर बी. कोण घेणार? पोरं थुंकतात."

त्या उन्हाळ्यात त्यांनी बाग मुळासकट काढली. एकटे तेच नाहीत, त्या दोन वर्षांत जिल्ह्यात कित्येकांनी काढली. आणि दोन पिकं वायनरीला घालूनही मामा कधी गेटच्या आत गेले नव्हते. काट्यावर गाडी लावायची, पावती घ्यायची, परत.

तर त्यांना बघायचं होतं ते हे. गेटच्या आत काय होतं.

*

टूर कशी असते ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढं मोकळं. तास-सव्वा तासाचं प्रकरण असतं. पंधरा-वीस जणांचा घोळका, एक गाइड. आधी थोडी बाग, मग द्राक्षं जिथं उतरतात तो धक्का, मग स्टीलच्या टाक्यांचं दालन, मग लाकडी पिंपांची थंडगार खोली, शेवटी टेस्टिंग आणि त्यानंतर, अर्थातच, दुकान. बुकिंग आधी करावं. शनिवार-रविवार टाळता आला तर जरूर टाळावा, आम्हाला टाळता आला नाही आणि आमच्या घोळक्यात मुंबईहून आलेली नऊ मुलींची एक टोळी होती, त्यातल्या एकीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या डोक्यावर प्लास्टिकचा मुकुट होता. पायात बंद चपला-बूट असावेत, कारण टाक्यांखालची फरशी दिवसभर धुतात. परफ्यूम मारून जाऊ नये. हे मला व्हिडिओत कळलं होतं, नवऱ्याला सांगायचं राहिलं. आणि पोटात काहीतरी असावं. मामींनी आम्हाला बाजरीची भाकरी आणि पिठलं खाऊ घातल्याशिवाय सोडलं नव्हतं, तो सल्ला म्हणून नव्हता, पण लागू पडला.

काउंटरवर वय विचारतात, नोंद करतात. दारूच्या कायद्याचं नावच जिथं 1949पासून 'दारूबंदी अधिनियम' आहे त्या राज्यात आपण वाईन चाखायला आलोय, याची एक बारीक गंमत मनात येऊन जाते. मामांनी रजिस्टरात मोठ्या अक्षरात नाव लिहिलं आणि पुढं कंसात 'फक्त पाहणी'.

गाइड पंचविशीचा मुलगा. इंग्रजी-हिंदी मिसळून पाठ केलेलं बोलायचा, मध्ये ठरलेले विनोद. बागेच्या कडेला उभं राहून तो सांगत होता की द्राक्षवेल ही थंड प्रदेशातली, युरोपात हिवाळ्यात झोपते, आपल्याकडं झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते.

"एप्रिलला खरड, ऑक्टोबरला गोडी," मामा मागून म्हणाले. फार मोठ्यानं नाही. पण मुलगा थांबला.

"बाग आहे का तुमची, मामा?"

"आहे. तू कुठला?"

"इथलाच, दिंडोरीचा. आमचे टोमॅटो असतात."

यानंतर टूर बदलली. पाठांतर गळून पडलं असं नाही, मुकुटवालीसाठी ते चालूच होतं. पण मधेमधे तो मामांकडं बघून मराठीत काहीतरी विचारायचा नाहीतर सांगायचा, आणि आम्ही दोघं त्या दुसऱ्या टूरला कान लावून होतो.

खायच्या द्राक्षाची बाग मांडवावर नाहीतर वाय आकाराच्या अँगलवर असते, डोक्यावर हिरवं छत आणि खाली घड लोंबत. इथं वेली उभ्या तारांना बांधलेल्या, कुंपणासारख्या रांगा, आणि घड कमरेच्या उंचीवर. मामांनी एक वेल वाकून पाहिली, ओलांड्यावरच्या, म्हणजे तारेवर आडव्या नेलेल्या फांदीवरच्या काड्या मोजल्या, घड मोजले. "एवढेच ठेवता?" मुलगा म्हणाला, एकरी चार-पाच टनांच्या वर जाऊ देत नाहीत. जास्त माल धरला की गोडी आणि वास दोन्ही पातळ होतात. मामा खायच्या द्राक्षाचे दहा-बारा टन काढणारे. साखर किती आल्यावर तोडता, या प्रश्नावर मुलानं बावीस ते चोवीस ब्रिक्स (रसातली साखर मोजायचं माप) सांगितलं, तेव्हा मामांनी भुवया उंचावल्या. खायचं द्राक्ष सतरा-अठराला तोडतात.

"शिराजला मण्यात पाणी उतरल्यावर लई सांभाळावं लागायचं," ते म्हणाले. पाणी उतरणं म्हणजे कडक हिरवा मणी मऊ पडून रंग धरायला लागतो तो टप्पा. इंग्रजी पुस्तकं याला एक नाजूक फ्रेंच शब्द वापरतात. मला मामांचा शब्द जास्त नेमका वाटतो, मणी हातात घेतला की पाणी उतरलेलं बोटाला कळतं.

मुलानं प्रत्येकाला एकेक शिराजचा मणी तोडून दिला आणि चिरडायला सांगितलं. काळाजांभळा मणी, आतला रस पांढरट. सगळ्यांनी "अय्या" केलं. रंग सगळा सालीत असतो. रस सालीसकट आंबवला तर रेड, साल लगेच वेगळी केली तर त्याच द्राक्षातून जवळपास पांढरी वाईन निघते. मामांनी मणी चिरडला नाही, तोंडात टाकला. सावकाश चावला. मग तळहातावर दोन बिया काढून उन्हात धरून पाहिल्या.

"तपकिरी झाल्यात. तोडायला आलाय हा."

मुलगा म्हणाला, आमचे वाइनमेकर पण हेच करतात, मशीन आहे तरी बिया चावून बघतात, हिरवी बी असेल तर वाईन तुरट होते. मामांनी मान डोलावली. बिया त्यांनी फेकल्या नाहीत, शर्टाच्या खिशात टाकल्या. मी पाहिलं आणि विसरून गेले.

*

धक्क्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली लागली होती. क्रेट उलटे होत होते, एक यंत्र घडातून देठ बाजूला काढून फेकत होतं. मामा त्या देठांच्या ढिगाजवळ थांबले आणि ट्रॉलीच्या चालकाशी बोलायला लागले. कुठला माल, किती दिवस करार, पैसे केव्हा. टूर पुढं गेली होती, मीच परत येऊन त्यांना घेऊन गेले. "वेळेवर देतात म्हणतो," त्यांनी मला सांगितलं. त्यांना ते पूर्ण पटलेलं दिसलं नाही.

टाक्यांचं दालन हे माझ्या मते टूरमधलं सगळ्यात कमी लेखलं जाणारं ठिकाण. लोक तिथं कंटाळतात, फोन काढतात. दिसायला दूध डेअरीच: दोन मजली उंच स्टीलच्या टाक्या, पाइप, तापमानाचे आकडे. पण काढणीच्या दिवसांत तिथं उभं राहून नुसता वास घ्यावा. इडलीचं पीठ फुगून भांड्याबाहेर आलं की सकाळी स्वयंपाकघरात जो वास असतो तो, त्यात पिकलेलं केळं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि गरम होतं. म्हणून टाकीभोवती थंड पाण्यासारखं द्रावण फिरवत ठेवतात. व्हाइट वाईन पंधरा अंशांच्या आसपास रेंगाळत आंबवतात, नाहीतर वास उडून जातो. रेडला पंचवीस-अठ्ठावीसची ऊब चालते, कारण सालीतून रंग निघायला हवा.

एका रेडच्या टाकीचं वरचं झाकण उघडं होतं. जाळीच्या जिन्यावरून आम्हाला वर नेलं. आत साली सगळ्या वर तरंगून जाड थर झालेला, जांभळा, फसफसणारा. खालचा रस पंपानं वर आणून त्या थरावर सोडतात, दिवसातून काही वेळा, म्हणजे साली भिजत राहतात. मुकुटवाली सेल्फीसाठी पुढं वाकली आणि गाइड एकदम ओरडला, "नो नो, मॅडम, बॅक!" आतला वायू जड असतो, टाकीच्या तोंडाशी साचतो, एक खोल श्वास घेतला तर चक्कर येऊन माणूस आत जातो.

"विहिरीसारखं," मामा म्हणाले. जुनी विहीर उपसायला उतरण्याआधी कंदील खाली सोडतात. विझला तर उतरायचं नाही. मुलानं हे सगळ्यांना हिंदीत भाषांतर करून सांगितलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा ती नऊ जणींची टोळी गप्प झाली.

उतरताना मामांनी विचारलं, "चोथा कुठं जातो?" खताला. "बरं."

मग पिंपांची खोली. इथं मात्र सगळे जागे होतात. अंधार, पिवळे दिवे, ओळीनं झोपलेली ओकची पिंपं, गारवा. फोटोला उत्तम. गाइड सांगत होता की एका पिंपात सव्वादोनशे लिटर मावतात, लाकूड फ्रान्सचं नाहीतर अमेरिकेचं, आतून भाजलेलं असतं, त्यातून व्हॅनिलाचा वास येतो. खरंच येतो, कारण व्हॅनिलाच्या शेंगेतला वासाचा मुख्य पदार्थ ओकमध्येही असतो. मामा कोपऱ्यातल्या दोन रिकाम्या पिंपांजवळ उभे होते. नाक वर करून.

"इथं गंधक जाळलंय."

मुलगा म्हणाला, हो, रिकामं पिंप बुरशी धरू नये म्हणून आत गंधकाची वात पेटवतात. "पण मामा, हा वास कुणालाच येत नाही."

मामांना न येऊन कसं चालेल. भुरीवर ते आयुष्यभर गंधक मारत आलेत, आणि पिंपळगावला बेदाण्याच्या शेडमध्ये चार वर्षं कामाला होते, तिथं बेदाणा हिरवा राहावा म्हणून धुरी द्यायची. घरी आल्यावर कपड्यांना तो वास असायचा, मामी ते वेगळे भिजवायची. मला त्या खोलीत प्रयत्न करूनही व्हॅनिलापलीकडं काही आलं नाही. व्हॅनिलाही बहुधा तो म्हणाला म्हणूनच आला.

*

टेस्टिंगची खोली काचेची, बाहेर बाग. प्रत्येकापुढं पाच ग्लास, पाण्याची बाटली, चिवट ब्रेडचे तुकडे. आणि मधोमध एक स्टीलचं भांडं. ते थुंकण्यासाठी असतं. हे कुणी नीट सांगत नाही म्हणून मी सांगते: ते शोभेचं नाही, त्यात उरलेली वाईन ओतावी, हवं तर तोंडातलीही थुंकावी, जगभरचे जाणकार तेच करतात. पान खाऊन जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी मारणारे आपण, इथं मात्र लाज वाटून सगळं गिळतो. प्रत्येक ओत तीस मिलीच्या आसपास, पाच मिळून दीडशे, म्हणजे हॉटेलातला एक ग्लास. तरी ज्याला गाडी चालवायची आहे त्यानं ते भांडं वापरावंच. नवऱ्यानं वापरलं. पहिल्यांदा नेम चुकला.

हलकी आधी, जड नंतर, असा क्रम. फसफसणारी, मग व्हाइट, मग गुलाबी रोझे, मग रेड, शेवटी गोड. ग्लास दांडीला धरायचा, नाहीतर हाताच्या उबेनं वाईन तापते. रेड "रूम टेंपरेचरला" प्यावी म्हणतात ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. नाशिकच्या मार्चमधली खोली नव्हे, तेव्हा रेडही थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायला लाजू नये. ग्लास फिरवल्यावर काचेवरून ओघळ उतरतात, ते जाड असले म्हणजे वाईन भारी, असं आमच्या गाइडनंही सांगितलं. ते खरं नाही. ओघळांवरून फार तर अल्कोहोलचा अंदाज येतो. पण सांगायला छान वाटतं, आणि ऐकायलाही.

पहिल्या व्हाइटला, ती सोव्हिन्यॉ ब्लाँ होती, मुलानं विचारलं, कशाचा वास येतोय? टेबलावर छापील कागद होता. गूजबेरी, पॅशनफ्रूट, ताजं कापलेलं गवत. मुकुटवालीनं वाचून दाखवलं, पॅशनफ्रूट. तिच्या मैत्रिणींनाही तेच आलं. मी नाक घातलं आणि मला ओळखीचं काहीतरी आलं, पण कागदावर नव्हतं, म्हणून मी गप्प. शाळेत उत्तर येत असून हात वर न करणारी मुलगी मी तेव्हाही होते.

मामांपुढंही ग्लास भरले होते, पैसे भरलेले असल्यानं. त्यांनी एकही तोंडाला लावला नाही. पण वास घेतला. माळ एका हातानं सदऱ्यात सारली आणि ग्लासवर वाकले, तसेच जसे द्राक्षाच्या फुलोऱ्यावर वाकतात.

"ढोबळी मिरची," ते म्हणाले. "आणि पेरू. कच्चा नाही, पाडाचा."

हेच. अगदी हेच मला आलं होतं. नंतर घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की सोव्हिन्यॉ ब्लाँमध्ये आणि ढोबळी मिरचीत वास देणारा एकच पदार्थ असतो. कागदावर ते यायला काही हरकत नव्हती, पण कागद कुणीतरी लांबचं बघून लिहिला होता.

मग आमच्या टेबलावर वेगळाच खेळ सुरू झाला. शेनिन ब्लाँ: हिरवं सफरचंद, कागद म्हणाला. मामा म्हणाले, बोर, आणि थोडा मध. रोझेला ते म्हणाले काहीच नाही, सरबत. (मी सहमत आहे. रोझेच्या बाटलीचा रंगच निम्मं काम करतो.) कॅबरनेला मी धीर करून जांभूळ म्हटलं. जांभळाची ती जीभ आवळणारी तुरटीसुद्धा. नवरा म्हणाला चिंच, आणि लगेच हसला, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. चिंचेला आणि द्राक्षाला आंबटपणा देणारं मुख्य आम्ल एकच, टार्टारिक. जुन्या वाईनच्या बुडाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतात तेही त्याचेच, भेसळ नव्हे.

मुलगा आमच्याच टेबलाशी रेंगाळत होता. "मामा, एक सिप घ्या ना. थुंकून टाका." मामांनी माळेला बोट लावून दाखवलं. मुलानं कान धरले.

शेवटचा रेड शिराज होता. तो ओतल्यावर मामांनी ग्लास उचलला, फिरवला नाही, कुणी शिकवलेलं काही केलं नाही. धरून ठेवला. उन्हासमोर नेला. मग वास घेतला, बराच वेळ. मी वाट बघत होते की ते काहीतरी म्हणतील, मिरी म्हणतील, कारण शिराजला मिऱ्याचा वास येतो हे मी वाचून आले होते आणि मला तो खरंच येत होता.

ते काहीच म्हणाले नाहीत. ग्लास खाली ठेवून त्यांनी विचारलं, "एका बाटलीला किती माल लागतो?"

"किलो, सव्वा किलो."

"आणि ही बाटली केवढ्याला?"

मुलानं सांगितलं. मामांचे ओठ हलले. एक एकर, इतके टन, इतक्या बाटल्या. हिशेब कुठवर गेला ते त्यांनी सांगितलं नाही. मग त्यांनी स्वतःचा भरलेला ग्लास हळूच माझ्याकडं सरकवला.

"पी तू. टाकू नको ते."

*

दुकानात मी दोन बाटल्या घेतल्या. एकीला बूच नव्हतं, फिरकीचं झाकण होतं, त्यावर मागं कुणीतरी "स्वस्तातली दिसते" म्हणालं. तसं नसतं. लवकर प्यायच्या ताज्या वाईनला ते झाकण बुचापेक्षा बरंच. मामा दाराशी उभे राहून गाइड मुलाला टोमॅटोच्या भावाचं विचारत होते. निघताना त्यानं मामांच्या पाया पडून घेतलं, आणि मुकुटवालीनं त्यांच्याबरोबर फोटो काढला. मामांनी फोटोसाठी टोपी नीट केली.

परतीच्या रस्त्यावर नवऱ्यानं तो किराणा दुकानातल्या वाईनचा विषय काढला. जानेवारी 2022मध्ये मंत्रिमंडळानं मोठ्या दुकानांतून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता, केवढा गदारोळ झाला, वाईन म्हणजे दारू की नाही यावर टीव्हीवर रोज भांडणं, आणि निर्णय तसाच बारगळला. मामांना काय वाटतं?

"दारूच आहे ती," मामा म्हणाले. "त्यात भांडायचं काय. ओस पडलेली बाग पण बागच असते." आणि मग पिंपळगावपर्यंत काही नाही.

घरी पोचलो तेव्हा मामींनी दारातच मामांचा सदरा धुवायला मागितला, वास येतोय म्हणाल्या. खरं तर येत नव्हता. बादलीत टाकण्याआधी सवयीनं खिसा उलटा केला, तर दोन बिया हातावर पडल्या.

"हे कसलं बी?"

मामा हातपाय धूत होते. "शिराज."

मामींनी बिया तळहातावर थोडा वेळ धरल्या. मग तुळशीच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि सदरा पाण्यात बुडवला.

"लावू नका म्हणजे झालं," त्या म्हणाल्या.